कापलेल्या डोंगराखालचं घर

प्रिय जगनदादा,

तुझ्या सीमेवरच्या चौकीवर फोन लागतो तो दोन मिनिटं. त्यात तू याडीची चौकशी करतोस, मग बाची, आणि माझी पाळी येईस्तोवर आवाज तुटतो. पत्रात मला कुणी तोडणार नाही. आईबाप दोघं ठणठणीत आहेत. औंढ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. याडीला शेजार आवडला. बाला तिथलं काहीच आवडत नाही, पण जेवतो व्यवस्थित.

घराचं तुला अर्धंच कळलंय. पोळ्याआधी सलग सहा दिवस पाऊस लागला होता. मी नांदेडजवळ एका पुलाच्या पायासाठी माती तपासत होते, तेव्हा याडीचा फोन आला की मागच्या खोलीचं दार लागत नाही. तिला वाटलं, लाकूड फुगलं. मला काही ते पटेना. सकाळच्या एसटीनं आले. बघते तर दाराची चौकटच कलली होती आणि मागच्या भिंतीला पोट आलं होतं. तशीच डोंगर चढले. वर शेळ्यांच्या वाटेपाशी जमिनीला भेग पडली होती. रुंदीला बोटभर, पण आपल्या घरामागून निघून चंद्रकोरीसारखी वळत थेट धर्मसिंगकाकांच्या घरामागं गेलेली. खाली पाच घरं.

आपल्या डोंगराचं असं आहे, वरचा मुरूम पाणी पितो आणि खाली लाल चिकण मातीचा थर आहे. पाणी तिथं अडलं की तो थर साबणासारखा होतो. पायथ्याचा टेकू शाबूत असला तर वरचं ओझं थांबून राहतं. आपल्या घरामागं तो टेकू राहिला नव्हता. भेगेच्या दोन्ही अंगांना मी खुंट्या ठोकल्या आणि रोज टेपनं अंतर मोजलं. पहिल्या दिवसात चार मिलिमीटर वाढलं, दुसऱ्यात नऊ. मला शंका उरली नाही. तांडा गोळा केला आणि सांगितलं, पाचही घरं आजच्या आज रिकामी करा.

धर्मसिंगकाका उसळलेच. “पोरी, हा डोंगर माझ्या आज्यानं बघितला. कधी हालला न्हाई. तू चार बुकं शिकली अन् आमाला घराबाहेर काढून राहिली?” मी वाद घातला नाही. टेप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “काका, उद्या तुमीच मोजा.” दुसऱ्या दिवशी ते एकटेच वर गेले. अंतर वीस मिलिमीटरनं वाढलं होतं. खाली आले ते थेट शेळ्या सोडायला लागले. दुपारपर्यंत चार घरं रिकामी झाली.

राहिला आपला बा. “जगनचं घर हाय. तो आल्याबिगर मी उठत न्हाई.” याडी रडली, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी मी त्या फुगलेल्या भिंतीला पाठ लावून खाली बसले. म्हटलं, मग मी बी इथंच. हा शहाणपणा नव्हता, माझ्या साहेबांना कळलं तर ते मला कामावरून काढतील.  बा “ऊठ तिथून” म्हणाला आणि कांबळं खांद्यावर टाकून बाहेर पडला.

घरं रिकामी झाल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगर उतरला. मोठा आवाज नाही झाला. वरचे पळस उभेच्या उभे खाली सरकताना आम्ही शेतातून पाहिले. आपल्या मागच्या दोन्ही खोल्या मुरमानं छतापर्यंत भरल्या, काकांचा शेळ्यांचा वाडा गेला. पण माणूस सोड, एक शेळीसुद्धा दगावली नाही.

नंतर अधिकारी आले. पोरीनं तांडा वाचवला म्हणत लोकांनी मला हार घातला. आणि त्याच तोंडानं काका सगळ्यांसमोर म्हणाले, “जगननं घरापायी डोंगर कापला, म्हणून हे झालं.” बानं मान खाली घातली. मी गळ्यात हार घेऊन गप्प उभी राहिले.

मागल्या आठवड्यात बानं तुला फोनवर विचारलं, “काहून कापला रे?” मी शेजारीच होते. तू म्हणालास, “चुकलं माझं, बा.” एवढंच. तीन वर्षांपूर्वी तू मला फोन केला होतास, हे तू तेव्हाही सांगितलं नाहीस. जागा कमी पडते, मागून दहा फूट कापू का, तू त्यातली हायस म्हणून विचारतो, असं म्हणाला होतास. माझी पहिलीच नोकरी होती, मी घाईत होते. आले नाही, पाहिलं नाही. मुरूम आहे, उभा राहतो, काप म्हणाले. तू माझ्या शब्दावर कापलास. डोंगर कशानं खचला, याचा अहवाल तहसीलनं माझ्याकडंच मागितलाय. त्यात लिहिलंय: पायथा कापल्यामुळे, आणि तो शितल पुनमचंद राठोड या अभियंत्याच्या सल्ल्यानं कापला. माझं काम मला कळतं, दादा, म्हणूनच ही ओळ गाळली नाही. काल तो अहवाल मी तांड्यावर सगळ्यांसमोर वाचला. धर्मसिंगकाका उठून निघून गेले. बा मात्र बसून राहिला, आणि म्हणाला, “हे जगनला लिही. आजच लिही.”

तुझीच,
शितल