मागची जागा

२ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! खोली बेकरीच्या वर आहे. खाली भट्टी, त्यामुळे फरशी पायाला कोमट लागते. चपला काढून उगीचच चार फेऱ्या मारल्या. बेकरीवाल्या काकूच घरमालकीण. मी दातांच्या कवळ्या बनवते म्हटल्यावर त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, मग आपलं जमलं, माझ्या टोस्टांनी लोकांचे दात पडतात, तू बसवत जा.

खिडकीतून समुद्र दिसतो. दर रविवारी काकू आणि त्यांची मंडळी कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, घेऊन पाण्यात जातात. मलाही चल म्हणाल्या. फोनवर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, जा, नाहीतर तिथेही घुम्यासारखी खोलीत बसशील.

८ मार्च, रविवार

अंगाचा कण न् कण दुखतोय आणि मी मजेत आहे. मंडळी पंधराएक. पोस्टातली बाई, दोन नर्स, एक न्हावी, जो वल्हं मारताना सतत बेसूर गातो. शिकवतात ते मास्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचा पहिला धडा: उलटलीस तर आधी होडीतून बाहेर ये, मग रडायचं ते रड. मी तीनदा उलटले. नाकातोंडात खारं पाणी. दर वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मेले!

मग मला दोघांच्या लाल कयाकमध्ये पुढे बसवलं, मागे काकू. पुढच्याने लय धरायची, मागच्याने पायांनी सुकाणू सांभाळायचं. पुढच्याने वळून बघायचं नाही, तोल जातो. तसंही तरंगायच्या जाड जाकिटात मान वळतच नाही. बोलायचं ते समोर बघून.

वारा, भरती-ओहोटी टिपायला प्रत्येकाला न भिजणाऱ्या कागदाची वही मिळते. मी यापुढे तिच्यातच रोजनिशी लिहिणार. वाऱ्याचं मास्तर बघून घेतील.

१५ मार्च, रविवार

आज खडकापर्यंत जाऊन आलो. किनाऱ्यापासून पाऊण तासावर काळा कातळ आहे, त्यावर बसून सगळे डबे उघडतात. परत येताना न्हाव्याला गप्प करायला आम्ही सगळे मिळून त्याच्याहून मोठ्याने गायलो.

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. सकाळी काकूंना यायला उशीर झाला म्हणून मी एकटीच लाल कयाकमध्ये बसून उथळ पाण्यात डुलत होते. मास्तर धावत आले, पांढरेफटक पडलेले, आणि त्यांनी मागच्या जागेवर वाळूची पिशवी आदळली. मागची जागा मोकळी ठेवून पाण्यात उतरायचं नाही म्हणाले. का ते सांगितलं नाही. काकूंना विचारलं तर त्यांनी यीस्ट कसं फुगतं ते सांगितलं.

२२ मार्च, रविवार

क्रमाने लिहिते.

खडकावरून निघताना धुकं उतरलं. बाकीचे पुढे गेले होते. मी पुढच्या जागेवर बसले, काकू मागून होडी ढकलत होत्या. होडी सुटली, मागे वजन बसलं, काकूंचा आवाज आला, चल. मी वल्हं मारायला लागले.

चाळीस मिनिटं आम्ही बोललो. माझं कुठे कुठे दुखतं, हे काकूंनी विचारलं. घरी कोण आहे विचारलं. मी ताईबद्दल सांगितलं, ती मला किती बोलते आणि तिच्याशिवाय मला कसं करमत नाही. ती इकडे कधी येणार? पुढच्या शनिवारी. तिला पोहता येतं का? नाही, पाण्याला घाबरते. यावर मागून हसल्याचा आवाज आला. होडी धुक्यातही बाणासारखी सरळ चालली होती.

किनाऱ्यावर पोस्टातल्या बाईने विचारलं, काकू कुठे?

मागची जागा रिकामी होती. आणि कोरडी.

मास्तर दोघांना घेऊन गेले. काकू खडकावर सापडल्या. ढकलताना शेवाळावरून पाय घसरून घोटा मोडला. म्हणाल्या, मी केवढ्याने हाका मारल्या गं तुला, तू मात्र कुणाशी तरी बोलत बोलत निघून गेलीस.

२३ मार्च, सोमवार

लॅबमध्ये आज एक कवळी उलटी बसवली. दुपारीच सुट्टी घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी त्याच लाल कयाकमध्ये ते पुढे होते, बायको मागे. किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटेत होडी जोरात हलली, मग स्थिर झाली. ते खडकापर्यंत गेले. उतरून वळले तर मागे कोणी नाही. बायको त्या पहिल्या लाटेतच पडली होती. तिथेच तिचं प्रेत सापडलं.

मी म्हटलं, लाटांच्या आवाजात तुम्हाला कळलं नसेल, यात तुमचा काय दोष.

ते म्हणाले, "तसं नाही गं. मी पाऊण तास तिच्याशी बोलत होतो. आणि ती उत्तरं देत होती."

ती होडी मोडून का टाकली नाही? त्यांनी मान खाली घातली. कधीमधी पहाटे ते एकटेच तिच्यात बसून जातात. मागून बोलते ती त्यांची बायको नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण आवाज तिचा आहे.

मी उठले. राग आला होता आणि त्यांची कीवही.

२५ मार्च, बुधवार

ताईला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, मला ताप आहे. ती चिडली. म्हणाली, तुझं आपलं रोजचं काहीतरी. पण ऐकलं. येणार नाही.

मास्तरांनी कबूल केलंय, रविवारी सगळ्यांसमोर होडी जाळायची.

२७ मार्च, शुक्रवार

लॅबमध्ये नळाखाली साच्याचं प्लास्टर कालवताना मागे कोणीतरी उभं होतं. मी वळले नाही.

काकू म्हणतात, काल रात्री तू जिन्यात फोनवर ताईशी किती गोड बोलत होतीस.

मी काल फोनच केला नाही.

ताई आता फोन उचलत नाही.

२८ मार्च, शनिवार

सकाळी दहा. लॅबमधून आत्ताच परतले तर काकूंनी खालून ओरडून सांगितलं. ताई आली होती. तेव्हा मी लॅबमध्ये होते. काकूंना म्हणाली, धाकटीने किनाऱ्यावर बोलावलंय.

लाल कयाक जागेवर नाही. जाळं विणणाऱ्या माणसाने पाहिलं. दोन बायका गेल्या. मागची अगदी तुमच्यासारखी, म्हणाला.

मी निघते. मास्तर मागून येतायत. धुकं आहे.

२८ — खडकावर

सापडली. देवा, सापडली. लाल कयाक कपारीत अडकलेली, ताई वर कातळावर बसलेली. ओलीचिंब. बोलत नाही, नुसती कुडकुडते. मिठी मारली तर बर्फासारखी गार.

माझी होडी एकाच माणसाची, आणि त्या दुसऱ्या होडीत मी पाय ठेवणार नाही. मास्तरांना त्यांनीच दिलेल्या वॉकीटॉकीवर कळवलं, आवाज नीट जात नाही. वाट बघायची.

पाठीला पाठ लावून बसलोय, ऊब राहते म्हणून. मास्तरांनीच शिकवलेलं. हात थांबले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

ताईची पाठ अजून गरम होत नाही.

आत्ता म्हणाली, तू आलीस, बरं झालं. आवाज नेहमीचाच. मी म्हटलं, तू पाण्यात उतरलीसच कशी, तू तर घाबरतेस. ती हसली.

मास्तरांचा आवाज आला. तुटक. पुन्हा सांगा म्हटलं —

ताई मिळाली म्हणतात. किनाऱ्याजवळच. पहिल्या लाटेत पडली होती, जाकिटामुळे तरंगत राहिली. शुद्धीवर आहे. माझं नाव घेतेय —

ताई तिकडे आहे. जिवंत आहे.

मी वळत नाहीये.

मास्तर विचारतायत, तुझ्याजवळ कोण आहे. बटण दाबायला बोट हलत नाही —

पाठीवरचं वजन वाढतंय. ती मान वळवतेय, केस माझ्या कानाला लागले, कोरडे आहेत. विचारते, काय लिहितेस गं एवढं. विचारते, मास्तर एकटेच येतायत का. विचारते, त्यांच्या मागे कोण बस