डोक्याखालचा हात

दादा,

मी कुस्ती शिकतेय. झालं, लिहून टाकलं एकदाचं. आईला वाटतं, मी संध्याकाळी ग्रंथालयात बसते. उद्या विद्यापीठाच्या संघाची निवड आहे.

अंगात ताकद आहे, डावही बसतात. पण समोरच्या मुलीला कमरेवरून फेकलं की माझा एक हात आपोआप तिच्या डोक्याखाली जातो. पकड सुटते आणि तीच माझ्या उरावर बसते. कुस्तीचे सर ओरडतात, "अगं, कुस्ती खेळतेस की बाळ निजवतेस?" सगळ्या फिदीफिदी हसतात.

हात का जातो, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तुझी आणि तुझ्या दोस्ताची ती शेवटची कुस्ती मी पहिल्या रांगेतून पाहिली होती. डाव चोख होता, तुझी काही चूक नव्हती, असं सगळेच म्हणाले. तरी तू घर सोडलंस.

आज सर भडकले. "पुन्हा हात खाली गेला तर उद्या येऊच नकोस!" मी दातओठ खात जोडीदार मुलीला फेकलं. हात घातला नाही. मॅटवर धाडकन आवाज झाला. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली. मी तिच्याशेजारी गुडघे टेकून तिला हाका मारायला लागले.

मग तिने एक डोळा उघडला. "उद्याही डाव अस्साच टाक," म्हणाली आणि उठून केस बांधायला लागली.

दादा, ती उठली! तुला हेच सांगायला लिहायला बसले होते. पण तुझा दोस्त उठला नव्हता. म्हणून हे पत्र माझ्याच उशीखाली राहील.

तुझी,
चिमणी