चढावर माझ्या पाठीला हात लावणाऱ्या इसमाविरुद्ध

प्रति,
मा. नियंत्रक साहेब,
निधी-सायकलफेरी कक्ष,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : फेरीच्या मोठ्या चढावर मला विनापरवानगी वर ढकलणाऱ्या अज्ञात सायकलस्वाराचा शोध घेण्याबाबत तक्रार.

संदर्भ : १) "चढा चढा, खाली वाक, आमच्या चाकाला रस्ता टाक." माझ्या थोरल्या भावाचे तोंडी म्हणणे, लहानपणी पाठीमागून ऐकलेले. लेखी पुरावा उपलब्ध नाही.
२) माझा याआधीचा अर्ज, आभाराचा.
३) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर, पदक परत करण्याबाबत.

महोदय,

१. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. फुप्फुसाच्या रुग्णांच्या वॉर्डाला निधी जमवण्यासाठी आपला कक्ष दरवर्षी जी लांब पल्ल्याची सायकलफेरी काढतो तिच्यात मी यंदा प्रथमच उतरलो. माझी आई त्याच वॉर्डात राहून आली आहे व आता घरी खिडकीजवळ ऑक्सिजनचा सिलिंडर लावून बसते, एवढेच त्यामागचे कारण. मला कुणी सायकलस्वारांत मोजत नाही. आमचे मालक म्हणाले, "अरे, दुकानाचं शटर वर करताना धापा टाकतोस, तू कुठं निघालास?" त्यांचे म्हणणे रास्त होते हे मला पहिल्याच पुलावर कळले.

२. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. पुढे पिवळे सदरे, मागे पिवळे सदरे, वर पिवळी शिरस्त्राणे, डोळ्यांवर काळ्या काचा. रस्ता दिसत नव्हता, रस्ताच पिवळा होऊन चालला होता. मोठ्या चढाला लागलो तेव्हा हँडलला हँडल घासत होते. माझे पाय तिथेच संपले. उतरावे तर पाय टेकायला जागा नाही, थांबावे तर मागचे सगळे अंगावर येणार. आता आपण पडणार आणि आपल्यापायी ही एवढी माणसे पडणार, असे मनात आले आणि त्याच वेळी पाठीला हात लागला.

३. सदर हाताचे वर्णन, चौकशीस उपयोगी पडावे म्हणून, देत आहे. तो धक्का नव्हता. दाराला आतून कडी आहे की नाही हे बघताना आपण जसा तळवा ठेवतो तसा तो आधी नुसता ठेवला गेला. मग त्यात जोर आला. मागून एक आवाज म्हणाला, "खाली बघू नकोस." बस्, तेवढेच. सायकल माझ्या पायांना न विचारता चालू लागली. चढ संपला तसे पाठीवर दोनदा थोपटले गेले, थप थप, आणि हात निघून गेला. मी मान वळवीपर्यंत दहा-वीस पिवळ्या पाठी माझ्या पुढे गेल्या होत्या. त्यांतली एक त्याची.

४. हा हात माझ्या थोरल्या भावाचा होता, असे माझे म्हणणे आहे. घरात सायकल एक आणि आम्ही भाऊ दोघे. शाळेच्या वाटेवर चढ होता. दादा मला सीटवर बसवायचा आणि स्वतः मागून धावत, पाठीला तळवा लावून मला वर न्यायचा. धावता धावता संदर्भ क्र. १ मधले गाणे म्हणायचा. ते त्याने स्वतःच जुळवले होते. बाकी शाळेत त्याला एक कविता पाठ होत नसे. चढ संपला की दोनदा थोपटायचा, म्हणजे आता तुझे तू जा. मागे बघितलेले त्याला चालत नसे. म्हणायचा, "मागं काय बघतोस, मी काय पळून चाललोय?" पुढे तो लांबच्या ट्रकवर कामाला लागला. जाताना म्हणाला, दोघांना दोन सायकली घेण्याजोगे जमले की येतो. सुरुवातीला निरोप येत. मग येईनात. आईने तेव्हापासून त्याचे नाव काढलेले नाही. ती रागावली आहे असे मी समजतो, आणि तिचा श्वास आहे तोवर त्याला तिच्यासमोर उभे करावे एवढीच माझी इच्छा आहे. दुसरे काही मागणे नाही.

५. म्हणून मी आभाराचा अर्ज केला होता की, ज्या सद्गृहस्थाने मला ढकलले त्यांचे नाव-पत्ता कळवावा. त्यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, सहभागींची माहिती देता येत नाही. मात्र आपण बाहेरची मदत घेतल्याचे स्वतःच लेखी कबूल केले असल्याने आपले पदक नियमानुसार रद्द झाले आहे, ते जमा करावे. पदक सोबत जोडले आहे. फीत आईने इस्त्री करून दिली.

६. आपल्या खिडकीवरच्या बाईंचा मी ऋणी आहे. मी तिसऱ्यांदा रांगेत दिसलो तेव्हा त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "काका, आभाराला चौकशी नसते हो. तक्रारीला असते. तक्रार करा, मग बघा कसा सापडतो तो." मी म्हटले, त्याने माझे काही वाईट केलेले नाही. त्या म्हणाल्या, "मग काहीतरी केलंय असं लिहा." (त्यांच्या चष्म्याची एक दांडी सैल होती, ती मी तिथेच घट्ट करून दिली. हे लाच म्हणून धरू नये.)

७. सबब मी तक्रार करतो की : मला ढकलण्यात आले. ढकलण्यापूर्वी माझी संमती घेण्यात आली नाही. दोन सायकलींत दोन हात अंतर ठेवावे हा आपला नियम असताना सदर इसमाने एका हाताचेही अंतर ठेवले नाही. झालेले नुकसान असे की, हात निघाल्यापासून पाठीची तेवढी जागा गार पडते. दुकानात दिवसभर पंख्याकडे पाठ करून बसतो म्हणून ती गार पडते, असे मालकांचे मत आहे. मी पंखा बंद करून पाहिला.

८. पुराव्यादाखल आपल्या कक्षाने लावलेले सर्व फोटो मी भिंगाखाली पाहिले. फोटोवाला चढाच्या माथ्यावर उभा होता, त्यामुळे फोटोत सगळ्या छात्याच आल्या आहेत. माझाही एक आहे, तोंड उघडे, डोळे मिटलेले. माझी पाठ एकाही फोटोत नाही. माझ्या खांद्यामागे एक कोपर दिसते, ते कुणाचेही असू शकते. खरे तेच लिहायचे तर हेही नमूद करतो की, चढावर मला ते गाणे ऐकू आले नाही. तो आता पोरगा राहिलेला नाही. दम लागला असेल.

९. तरी विनंती की, यंदाच्या सर्व पुरुष सहभागींना सोयीच्या दिवशी कार्यालयात बोलवावे. मी आपल्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. प्रत्येकाने एकदा माझ्या पाठीला तळवा लावून पुढे जावे. मी मागे बघणार नाही, कुणाचे नाव विचारणार नाही, कुणाचा वेळ घेणार नाही. रांग जिन्यावरून खाली गेली तरी माझी हरकत नाही. खिडकीवरच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "काका, चढावर सगळेच सगळ्यांना ढकलतात हो. माझा मुलगा पण ढकलतो. थोपटतात पण सगळेच." त्यांचे हे म्हणणे मी अर्जात घेतले आहे, कारण माझ्या बाजूचे तेवढेच लिहिणे योग्य नव्हे.

१०. वरील विनंती मान्य होण्याजोगी नसल्यास कळवू इच्छितो की, पुढच्या वर्षी मी पुन्हा फेरीत उतरेन आणि त्याच चढाच्या मध्यावर पाय टेकून उभा राहीन. मागून कितीही सायकली आल्या, कुणी कितीही ओरडले, तरी हात लागल्याशिवाय मी जागचा हलणार नाही. पडलो तर पडलो. ही धमकी समजू नये. मला दुसरा रस्ता उरलेला नाही.

११. सदर इसमाला ओळखणारा साक्षीदार लागतो, असे आपल्या नियमात आहे. आई सोडून तसे कुणी हयात नाही. सही मागितली तेव्हा तिने आधी सांगितले, चष्मा सापडत नाही. घरात तिचे चार चष्मे आहेत, चारही मीच केलेले. मग म्हणाली, हात कापतो. मग म्हणाली, नंतर बघू, आत्ता झोप येते. आज रात्रीच्या जेवणानंतर मी तिला हा अर्ज मोठ्याने वाचून दाखवणार आहे व सही घेऊन उद्या सकाळी खिडकीवर देणार आहे.

१२. हा परिच्छेद टंकलेला नसून हाताने लिहिला आहे, याबद्दल क्षमा असावी. अर्ज फाडणार होतो. पण खिडकीवरच्या बाईंनी आपल्या टेबलावर तक्रार येणार म्हणून आधीच वर्दी दिलेली आहे, तेव्हा ती मागे घ्यायची तर तीही लेखीच घ्यावी लागेल. म्हणून कळवतो की, माझी काहीही तक्रार नाही. ज्याने ढकलले त्याला बोलवू नये, दंड करू नये, शोधूही नये. शोधलात तर तो दुसराच कुणी निघेल, आणि तसे मला शिक्का मारून लेखी मिळेल. तेवढे लेखी नको. परिच्छेद १० मध्ये लिहिल्याप्रमाणे मी उभा राहणार नाही. पदक आपल्याकडेच ठेवावे.

तक्रार मागे घेण्याचे कारण देणे बंधनकारक आहे असे समजते. परिच्छेद १० वाचून झाल्यावर आईने माझा हात धरला. तिला एका दमात बोलता येत नाही, मध्ये थांबावे लागते; ते थांबणे सोडून बाकी शब्द तिचेच आहेत :

"उभा राहू नकोस तिथं. कुणी येणार नाही. तू काचा घासायला शिकत होतास ना, त्याच साली गेला तो. तापानं गेला. ट्रकवरचा त्याचा जोडीदार आला होता दुपारचा, तू दुकानात होतास. दारातच उभा राहून सांगितलं त्यानं. तुला सांगितलं असतं तर तू परत सायकलला हात लावला नसतास, म्हणून नाही सांगितलं. मग रोज वाटायचं आज सांगू, आज सांगू. रागावले नव्हते रे मी. नाव काढलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. तो जोडीदार जाताना पाणी प्यायला आणि मला विचारत होता, काकू, हा चढ कुठला? तापात तुमचा मुलगा सारखा म्हणत होता, चढा चढा, खाली वाक. आमच्या तिकडं तर सगळं सपाट आहे."

आपला नम्र,
(सही)
वर परिच्छेद ४ मधील धाकटा

दिनांक : अर्ज दाखल होईल तो धरावा.

सोबत :
१) पदक, फितीसह.
२) साक्षीदाराच्या सहीचा कागद, कोरा.