दोन राजे आणि चावलेला ओठ

रीनो, रविवार दुपार

आदरणीय बिशेंते मामा यांस,

माइदेरचा नमस्कार. तुमचा डावा गुडघा, म्हातारी कुत्री आणि विहिरीवरचा पंप, तिन्ही चालू स्थितीत असतील अशी आशा करते. (आई म्हणते, तुम्ही तिघांची काळजी सारखीच घेता, म्हणजे कोणाचीच घेत नाही.) मी बरी आहे. लॉन्ड्रीत बसून लिहिते आहे. यंत्रात माझं जाकीट फिरतं आहे आणि ते थांबेपर्यंत मला एका जागी बसणं भाग आहे, जे कालपासून मला जमत नाहीये. आत्ताच उठून साबणाच्या यंत्राची सगळी बटणं दाबून आले. साबण नको होता.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. मला सांगायचं आहे ते एका "बरं"मध्ये मावणारं नाही. तुम्हाला पैजेचा निकाल पहिल्याच ओळीत हवा असणार हे मला ठाऊक आहे. पण नुसता निकाल दिला तर तो अपुरा पुरावा ठरेल, आणि अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्ष काढू नये असं मी आठवडाभर शाळेत पोरांना सांगत असते, तेव्हा तुम्हीही धीर धरा.

आधी पैज काय होती ते लिहून ठेवते, म्हणजे दोघांच्या आठवणीत फरक नको. ईस्टरच्या जेवणाला, आईने वाढलेला मटणाचा रस्सा तुमच्या ताटात निवत होता तेव्हा, मी म्हणाले की मामा, ग्रासीमामीला जाऊन दोन हिवाळे झाले, आता परत पत्ते हातात घ्या, मुसच्या टेबलावर या, या वर्षी आपल्या लोकांच्या क्लबाच्या स्पर्धेत मी तुमची जोडीदार होईन. (क्लबात तुमच्या खुर्चीवर सध्या लोक कोट टाकतात. मी दर वेळी ते उचलून दुसरीकडे ठेवते आणि लोक दर वेळी ते परत आणून टाकतात.) तुम्ही म्हणालात, पुस्तकं वाचून पत्ते येत नाहीत. मी म्हणाले, येतात. शक्यता मोजता आली आणि धीर धरता आला की पुरे, कोणाला फसवायची गरज नाही. त्यावर तुम्ही काटा खाली ठेवलात आणि म्हणालात, "मग जा त्या रीनोच्या पोकरवाल्यांत. शेवटच्या नऊ जणांत बसून दाखव. बसलीस तर मी येतो तुझ्यासमोर मुसला. नाही बसलीस तर हा विषय माझ्यापुढे परत काढायचा नाही." आई म्हणाली, "दादा, पोरगी शिक्षिका आहे." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

तर काल मी गेले. कॅसिनोचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र आई वाचणार आणि मग तिथल्या स्वयंपाक्याला फोन करून मी जेवले का ते विचारणार. माणसं सुमारे दीडशे होती. बहुतेकांनी काळे चष्मे घातले होते आणि टोप्या नाकापर्यंत ओढल्या होत्या. मी शाळेत जाते तसा निळा सदरा घालून गेले आणि टेबलावरच्या प्रत्येकाला नाव सांगून हात मिळवला. (असं करत नाहीत, हे नंतर कळलं.) माझ्या डाव्या हाताला लव्हॉन नावाच्या बाई होत्या, सत्तरीच्या, मांडीवर विणकाम. फक्त त्यांनीच माझा हात परत दाबला.

पोकर तुम्हाला आवडत नाही, पण नियम ठाऊक आहेत: दोन पानं आपली झाकलेली, पाच मधे सगळ्यांची उघडी, आणि ज्याच्या चकत्या संपल्या तो घरी. मी ठरवलं होतं की वाईट पानं शांतपणे टाकायची, चांगली आली की चकत्या लावायच्या आणि थाप कधी मारायची नाही. पहिल्या तासात मला दोन राजे आले. मी लावलं आणि सगळ्यांनी पानं टाकून दिली. थोड्या वेळाने दोन एक्के आले, तेव्हाही तसंच झालं. मला वाटलं, माझ्या संयमी खेळाचा वचक बसला आहे. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला. पुढे कोणत्या मुलांना हे उदाहरण म्हणून सांगता येईल याचाही विचार करून ठेवला.

सुटीत हात धुवायला गेले तर लव्हॉनबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाळा, तू आजारी आहेस का?" मी नाही म्हणाले. "मग राजे आले की ओठ का चावतेस? आणि एक्के आले की जीभ का दाखवतेस? मी सहा नातवंडं वाढवलीत, मला जीभ दाखवलेली लगेच कळते. टेबलावरच्या बाकीच्यांनाही कळली."

मामा, मी आरशात स्वतःच्या तोंडाकडे बघितलं. तुम्हीच मला सात वर्षांची असताना आईच्या खानावळीच्या मागच्या टेबलावर बसवून शिकवलंत: दोन राजे, खालचा ओठ दाताखाली, दोन एक्के, जिभेचं टोक, हातात काहीच नाही, डोळे मीट. जोडीदाराला कळलं पाहिजे आणि समोरच्यांना कळायच्या आत तोंड सरळ झालं पाहिजे. पोकरमध्ये जोडीदार नसतो हे माझ्या डोक्याला माहीत होतं. माझ्या ओठाला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला खूण करत होते मी? समोर एक दाढीवाला दातांचा डॉक्टर बसला होता.

यावर एक सोपा उपाय होता आणि तो मला लगेच सुचला, याची मला लाज वाटते. हातात काही नसताना ओठ चावायचा. सगळे पानं टाकतील. पोकरमध्ये याला कोणी नावं ठेवत नाही, उलट टाळ्या वाजवतील. पण मुसमध्ये खूण करायची की नाही हे आपल्या हातात असतं. केली तर ती खरीच असली पाहिजे. हा एक नियम तुम्ही आणि मामीने मला बाकी सगळ्या नियमांच्या आधी शिकवलात. मी सगळी सुटी त्या बाथरूममध्ये येरझाऱ्या घालत स्वतःशी वाद घातला. एक बाजू म्हणत होती, मामांना टेबलावर आणण्यासाठी एक ओठ खोटा चावला तर काय बिघडलं? दुसरी म्हणत होती, खोट्या ओठाने आणलेल्या मामांसमोर बसून तू कुठल्या तोंडाने खूण करशील? (एक बाई दार उघडून आत आल्या, मला बघून परत गेल्या.) शेवटी मी जाकिटाची चेन नाकापर्यंत ओढली आणि तशीच जाऊन बसले. फसवायचं नाही, पण झाकायला काय हरकत आहे? यावर तुमचं मत काय ते मला खरंच हवं आहे.

आणि मामा, मग खेळ जमला. आत वाफ कोंडत होती, घाम हनुवटीवरून गळत होता (जाकीट त्यामुळेच धुवायला टाकलं आहे), पण माझे राजे आता माझ्याकडेच राहत होते. पानं मोजली, शक्यता मोजल्या, धीर धरला. दीडशेचे साठ झाले, साठाचे पंचवीस. दातांचा डॉक्टर गेला. खेळाडू कमी झाले तसं मला दुसऱ्या टेबलावर हलवलं, आणि तिथे बरोबर माझ्यासमोर बेन्यात बसला होता.

बेन्यातची ओळख अशी: बेकर्सफील्डचा, पण आपल्याच लोकांतला माणूस, साठीचा, मेंढ्यांचा ट्रक चालवतो, हात भाकरीच्या परातीएवढे. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की समोर बसलेल्या माणसाचे कान तुमच्यासारखे आहेत. त्या गडबडीत मी सँडविच खायला चेन खाली केली आणि वर करायची विसरले. पानं आली. उचलून बघते तर दोन राजे. ओठ आपोआप दाताखाली गेला. आणि समोर बेन्यातने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही खालचा ओठ चावला.

पुढचं समजावून सांगणं अवघड आहे. त्या क्षणी मी रीनोत नव्हतेच. माझ्या जोडीदाराने मला खरी खूण दिली होती, आमच्या जोडीकडे चार राजे होते, आणि डाव त्याच्या बाजूला बळकट होता. मग माझ्या राजांची गरज काय? मी माझी दोन्ही पानं आनंदाने उघडी करून टेबलावर टाकली आणि त्याला म्हणाले, "घे, तूच ने."

सगळं टेबल माझ्या पानांकडे बघायला लागलं. दोन राजे कोणी शुद्धीवर असताना टाकून देत नाही. पानं वाटणाऱ्या मुलीने हात वर केला आणि व्यवस्थापक आले. त्यांचं नाव विल्मर, आवाज सौम्य, कपाळावर घाम. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही या गृहस्थांना ओळखता?" मी नाही म्हणाले. "तुम्ही त्यांना खूण केलीत असं शेजारच्यांचं म्हणणं आहे." मी म्हणाले, केली. बेन्यातने कपाळाला हात लावला. "पोरी, गप्प बस," तो म्हणाला. पण विचारलं आहे तर सांगायला नको का? मी त्यांना सगळा मुस समजावून सांगितला: चार माणसं, दोन जोड्या, जोडीदार समोरासमोर, खुणा कोणकोणत्या, आणि खूण खोटी करता येत नाही, तेव्हा आमच्या बाजूने फसवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. विल्मर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, इथे प्रत्येकजण एकटा खेळतो." शिक्षा म्हणून दोघांनी एक आख्खा फेरा टेबलापासून लांब उभं राहायचं. आपली पानं वाटली जातात, आपल्या चकत्यांतून ठरलेला वाटा कापला जातो, आणि आपण बघत राहायचं.

भिंतीशी उभं राहिल्यावर मी बेन्यातची माफी मागितली आणि विचारलं, बाकीचे दोन राजे खरंच तुमच्याकडे होते? तो म्हणाला, "राजे कसले, दोन तिर्र्या होत्या." मग ओठ का चावलात, मी विचारलं. "आपल्या मुसमध्ये तिर्री राजाच्या बरोबरीची नाही का? मी काय खोटं बोललो?" आणि तो असा हसला की विल्मरनी लांबून बोट दाखवलं. "माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासाठी कधी एक दुर्री सोडली नाही," तो म्हणाला, "आणि तू राजे टाकलेस."

मग त्याने विचारलं, मुस कोणाकडे शिकलीस. मी तुमचं नाव सांगितलं. मामीचंही सांगितलं. तो भिंतीला टेकला. म्हणाला, बायको गेल्यावर तोही मुस सोडून पोकरला लागला. "इथे समोर कोणी आपलं बसत नाही. मग जागा रिकामी आहे असं वाटत नाही." मी जाकिटाची चेन वर-खाली करत राहिले.

परत बसले तेव्हा माझ्याकडे मूठभर चकत्या उरल्या होत्या. तरी टिकले. बेन्यात चौदावा गेला, जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. मग तेरा, बारा, अकरा, आणि आम्ही दहा उरलो. आणखी एक जण गेला की शेवटचं नऊ खुर्च्यांचं टेबल. माझी टाच थांबायला तयार नव्हती, शेजाऱ्याचा कॉफीचा पेला हलत होता. मला दोन नव्व्या आल्या. चेन नाकापर्यंत वर होती, हिशोब बरोबर होता. मी सगळ्या चकत्या पुढे सारल्या. एव्हाना याच टेबलावर हलवलेल्या लव्हॉनबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि दोन छक्क्या घेऊन माझ्यासमोर आल्या. शंभरात ऐंशी वेळा मी जिंकते. शेवटच्या पानाला तिसरी छक्की आली. गणिताने मला फसवलं नाही, मामा. वीस वेळा असं होतं हे त्याने आधीच सांगितलं होतं, मीच त्या विसांत आपण नसू असं धरून चालले होते.

लव्हॉनबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "तोंड झाकलंस ते बरं केलंस बाळा. आता कानांचं काहीतरी कर, लाल होतात."

तर निकाल असा: दहावी. पैज मी हरले. पुस्तकं वाचून पत्ते येतात की नाही याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे आज पुरावा नाही. गुडघ्याला शेक देत जा. कुत्रीला माझ्याकडून कुरवाळा.

तुमची भाची,
माइदेर

ता. क. शब्द दिला तो दिला. ईस्टरच्या दिवशीचा तो विषय मी तुमच्यापुढे परत काढणार नाही. या पत्रातही काढलेला नाही, हवं तर परत वाचून बघा.

ता. क. २ बेन्यातने क्लबाच्या स्पर्धेत नाव दिलं आहे. त्याची जोडीदार म्हणून मी आईला सुचवलं. ती आधी नको म्हणाली, मग त्याला मटणाचा रस्सा आवडतो का असं विचारलं. येत्या शनिवारी तो सरावाला आपल्याकडे एल्कोला येतो आहे. आईच्या खानावळीत शनिवारी गर्दी असते, म्हणून मी त्याला तुमचा पत्ता दिला आहे. आई रस्सा घेऊन येईल. तुम्हाला काही करावं लागणार नाही, टेबल तेवढं पुसून ठेवा.

ता. क. ३ अडचण एकच आहे. बेन्यात, आई आणि मी मिळून तीनच होतो आणि मुसला चार लागतात. तुम्ही खेळायचं नाही, नुसती पानं हातात धरून बसायचं. जाकीट वाळलं आहे, निघते. आई बेन्यातसमोर बसेल, तो तिचा जोडीदार आहे, त्याला इलाज नाही. त्यामुळे मला मात्र तुमच्यासमोर बसावं लागेल.