वर फुली, खाली तांबं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजव्या तळव्याला पट्टी आहे. आईला सांग, मशीन घसरलं. तुला खरं सांगतो. एका इस्पितळाच्या तळघरात जमिनीला भोकं पाडायचं आमचं काम. परवा पहिल्याच भोकात विजेची चालू केबल लागली. असा झटका बसला की मी भिंतीवर जाऊन आपटलो.

आता राग ऐक. भोक पाडण्याआधी एक चाकांची पेटी जमिनीवरून फिरवतात. ती आत लहरी सोडते. लहरी सळयांवर, पाइपांवर आपटून विखुरतात, काही परत येतात. त्यावरून संगणक आतलं चित्र काढतो आणि मोकळ्या जागी साहेब मेणखडूने मोठी फुली मारतात. मी बरोब्बर फुलीवर पाडलं. आणि साहेब म्हणतात, तू फुली सोडून पाडलंस! तसं लिहून दे, नाहीतर महिनाअखेरीला घरी जा. म्हणजे भाजलो मी आणि चुकलोही मीच!

अजून चौदा फुल्या बाकी आहेत. मी सही केली की ते चित्र खरं ठरणार आणि त्या फुल्यांवर माझा जोडीदार मशीन लावणार. त्याची मुलगी अजून रांगतेय.

तुझा लोभ आहेच, या वेळी तो माझ्या बाजूने उभा कर.

तुझा,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आईला घसरलेलं मशीन काही पटलं नाही. ती विचारत नाही, पण दोन दिवस जेवणात मीठ विसरतेय.

रागावू नकोस, पण तुझी नजर खरंच चुकली नसेल ना? लहानपणी घरात काही फुटलं की तू मांजराचं नाव घ्यायचास. बरणी फुटली तेव्हा तर मांजर शेजारणीच्या मांडीवर झोपलं होतं! ती शिकलेली माणसं, त्यांचा संगणक चुकेल कसा? सही करून टाक आणि ये निघून. काम दुसरं मिळेल, भाऊ मला एकच आहे.

हाताला पाणी लावू नकोस. माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांजर काढलंस ना? चार दिवस तुला लिहिणारच नव्हतो.

शिकलेली माणसं म्हणे! संगणकावर बसणाऱ्या मुलीलाच मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, परतलेल्या लहरी त्याच असल्या तरी त्यांना जुळणारी चित्रं बरीच निघतात. म्हणून संगणकाला आधी एक अंदाज द्यायचा, मग तो सुधारत सुधारत खऱ्याजवळ जातो. साहेबांनी अंदाज म्हणून इमारतीचा जुना नकाशा दिला. त्याच्याशी न जुळणाऱ्या लहरी आल्या, त्या खराब समजून पुसायला लावल्या. मग काय, नकाशाच परत बाहेर आला! केबल टाकली नकाशानंतर. लहर बिचारी ओरडून सांगत होती आणि यांनी तिचं तोंड दाबलं. नंतर माझं.

पण भोकातून निघालेला काँक्रीटचा गोल ठोकळा मी खाटेखाली ठेवला होता. वर फुली, खाली कापलेलं तांबं. साहेब म्हणाले, फुली मागाहून काढली असशील. मी सगळ्यांदेखत ठोकळा भोकात परत बसवला. फुलीची टोकं भोकाबाहेर जमिनीवर होतीच. चारही रेघा एकमेकींना मिळाल्या. मग डाव्या हाताने मशीन साहेबांपुढे सरकवलं आणि म्हणालो, पुढच्या फुलीवर भोक तुम्ही पाडा. साहेब दोन पावलं मागे! जोडीदार तोंडावर हात ठेवून हसला.

नकाशा बाजूला ठेवून, पुसलेल्या लहरी परत घेऊन चित्र नव्याने काढलं. चौदातल्या तीन फुल्यांखाली केबल निघाली. तीन, ताई! त्यातल्या एकीवर जोडीदार दुसऱ्याच दिवशी मशीन लावणार होता.

आता सहीचं नाव कुणी काढत नाही. काम शाबूत आहे. माफी मात्र कुणी मागितली नाही. अहवालात लिहिलंय, चूक जुन्या नकाशाची. तो काढणारा केव्हाच वारला, उलट उत्तर देणार नाही. तेव्हा मांजर फक्त आपल्याच घरात होतं असं समजू नकोस.

आईला नमस्कार, मीठ घालायला सांग. लोभ कमी केला असशील तर परत पहिल्याइतका कर.

तुझा,
भिंगरी