किती काढले, किती लावले

अण्णा, आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर आला आहे. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर पहिली ओळ उमटते, विझते आणि पंखा पुन्हा पहिल्यापासून फिरू लागतो. पुढे काही जात नाही. सकाळपासून मी त्याच्यासमोर बसले आहे.

मिल बंद झाल्यावर तुम्हां कामगारांना काही नवं शिकवावं म्हणून कॉम्प्युटरचा एक वर्ग निघाला होता आणि शिकवायची नोकरी मला मिळाली होती. तुम्ही पहिल्या बाकावर. सारा जन्म माग दुरुस्त केलेला फिटर, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही. वर्गात मला, स्वतःच्या लेकीला, मॅडम म्हणायचात. मागून कोणीतरी विचारायचं, "मास्टर, घर में भी मॅडम बोलते हो क्या?" तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "घर में तो साहब है, भिया." सगळे हसायचे. मीही.

त्या दिवशी वर्गातला एक कॉम्प्युटर असाच अडकला. आदल्या दिवशी मीच तो नव्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, बसवला होता. मी मेमरी काढून घातली, वायरी दाबून पाहिल्या. वीस जण बघत होते. तुम्ही उठून आलात आणि डब्यावर तळहात ठेवलात.

"मॅडम, पूर्ण खोला. खाली कापड पसरा. किती स्क्रू काढले, किती लावले?"

"मोजले नाहीत."

"मग मशीनला काय विचारणार? खालून काहीतरी टेकतंय."

"अण्णा, हा माग नाहीये. हात लावू नका, जळेल."

वर्गात मी तुम्हांला अण्णा म्हटलं ते तेव्हा एकदाच. तुम्ही हात खिशात घातलात. "जी, मॅडम."

सगळे गेल्यावर मी स्क्रू काढून आतला मदरबोर्ड उचलला. तो ज्या छोट्या पितळी पायांवर बसतो, त्यांतला एक पाय जास्तीचा होता. बोर्डाला स्क्रूचं भोक नसलेल्या जागी, त्याच्या पाठीला टेकलेला. काढला. कॉम्प्युटर सुरू झाला.

घरी तुम्ही स्वयंपाकघरात आईजवळ बसून मटार सोलत होतात. "चालू झाला?"

"बोर्ड जळला होता. बदलला."

तुम्ही एक शेंग सोललीत, मग दुसरी. "मग बरोबर. मला आपलं वाटलं, खालून टेकतंय. आता नाही चालत आपलं डोकं."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही वर्गाला आला नाहीत. आई म्हणाली, कंबर दुखते म्हणतात. पुढे घरातला पंखा अडला तरी म्हणायचात, मिस्त्रीला बोलवा. स्टुलावर उभा असलेला मिस्त्री आणि खाली पेपर वाचणारे तुम्ही. पान उलटत नाही. मी दारात उभी आहे, एक वाक्य सांगायचं आहे, आणि मी चहाचं विचारते.

आज कापड पसरलं. नऊ काढले, नऊ लावले. पाय तपासले, एकेक भाग काढून पाहिला. कुठे काही टेकत नाही. पंखा फिरतो, थांबतो, फिरतो. शेवटी कॉम्प्युटरच्या मालकाला फोन केला, म्हटलं, बोर्ड गेला. तो म्हणाला, "दीदी, पक्का?" मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

फोन ठेवून पुन्हा स्क्रू मोजले. नऊच.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हांला दिलं नसतं, अण्णा. तुम्ही त्या दिवसाचं विचारलं असतंत, तर बोर्ड जळला होता, असंच म्हटलं असतं.