देस्पोचा शुभ हात

२ डिसेंबर
बोलावणं आलं! बारा तारखेला निकोसियात, सायप्रसच्या संसदेच्या समितीपुढे. जुगाराचं वय अठराचं एकवीस करा — चार वर्षं घसा फोडला तेव्हा कुठे हे दार उघडलं.

पहिलं वाक्य तयार आहे: "अठराव्या वर्षी आपण मुलांना सट्ट्याच्या दुकानात सोडतो." देस्पोला वाचून दाखवलं. माझी लेक, विशीची. अठराव्या वाढदिवशीच कोपऱ्यावरच्या त्या दुकानात शिरली होती. आता कॉलेज सोडून घरी — तीन महिने झाले, सट्ट्याला शिवलेली नाही.

"छान आहे, आई," म्हणाली. मान वर न करता.

५ डिसेंबर
पान्तेलित्सा आत्या आली. "काय गं पुढारीणबाई, यंदा नववर्षाच्या संध्याकाळी पत्ते मांडायचे, की आधी संसदेला विचारायचं?"

मी हसले. "आत्या, घरचे पत्ते वेगळे. वर्षाचं नशीब बघायची रीत ती."

"मग पहिला पत्ता देस्पोच ओढणार! पाच वर्षांची होती तेव्हापासून हात शुभ पोरीचा."

देस्पो उठून अंगणात गेली.

६ डिसेंबर
भाषण पाठ झालं. पहिल्याच वाक्याला अडखळते. का?

९ डिसेंबर
देस्पो अंगणात ऑलिव्हांना मीठ चोळत होती. म्हटलं, "येशील माझ्याबरोबर? नुसती बसायला."

तिनं हातातलं ऑलिव्ह खाली ठेवलं. "आई, तुझं पहिलं वाक्य खोटं आहे. अठराव्या वर्षी नाही. मांडीवर घेऊन 'ओढ गं सोन्या, नशीब आहे तुझ्या हातात' म्हणायचं कोण?"

भर सभेत मंत्र्यांना गप्प करणारी मी! तिथेच अंगणात रडायला लागले.

खारट हात माझ्या हातावर ठेवला तिनं. "रडू नकोस. लाडानंच शिकवलंस. म्हणून तर सुटत नव्हतं." मग म्हणाली, "येते मी. पण वाक्य बदल."

१२ डिसेंबर
बदललं. "माझ्या मुलीच्या हातात पहिला पत्ता मी दिला. ती पाच वर्षांची होती."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, मग चूक घरातच झाली की! कायदा काय करणार?"

मागे खुर्ची सरकली. देस्पो उभी होती.

"माझ्या अठराव्या वाढदिवशी त्या दुकानानं मला परत पाठवलं असतं ना, तर आईला स्वतःची चूक कळायला तीन वर्षं मिळाली असती. तिला कळली असती, साहेब. मी ओळखते तिला."